रविवारची सावड

वाचकहो, परदेशी जाऊन धर्मप्रसार करायला गोरा साहेबच लागतो, असं तुम्हाला वाटत असेल तर ते डोक्यातून काढून टाका. मी नगरचा. नगर इंग्रजांचं, जव्हार महाराजांचं. राज्य वेगळं म्हणजे परदेशच की! निघताना नगरच्या चर्चमध्ये उभं राहून मी भरसभेत सांगितलं, "वर्षभरात अख्खा पाडा प्रभूच्या चरणी आणतो! नाही आणला तर नाव वामनराव लावणार नाही!" माझी साठी उलटलेली, बायकोची उलटायच्या बेतात. सकू शेजारीच उभी होती. "अहो, जरा हळू बोला," एवढंच ती म्हणाली.

जव्हारहून मोखाड्याकडे जाताना डोंगराच्या आडोशाला आमचा पाडा होता. मिशनने तिथे कुडाची एक लांबट खोली बांधून दिली होती. तिला आम्ही प्रार्थनामंदिर म्हणायचो. दर रविवारी मी घंटा बडवायचो आणि मंडळी जमायची. मंडळी म्हणजे सकू! पावसाची झड आली तर शेजारच्या माघीची कोंबडीही यायची, पण तिला उपासक म्हणून धरायला सकूचा विरोध होता.

लोक वाईट नव्हते हो! रानभाजी आणून देत, मास्तर मास्तर म्हणत, माझ्या बोलण्यावर मान डोलावत. पण 'प्रार्थनेला या' म्हटलं की 'बगू' म्हणत आणि रानात पसार होत. वर्ष सरलं. एका माणसाचं मन वळलं नाही. मी आतून पार खचलो होतो.

अशात निरोप आला की बडे पाद्रीसाहेब येत्या रविवारी पाहणीला येणार. मंडळी दिसली नाही तर मिशनचं ठाणं बंद, आणि आम्ही नगरला परत! म्हणजे उरलेलं आयुष्य मुलाच्या ओसरीवर बसून काढायचं, आणि येणारा-जाणारा विचारणार, "काय वामनराव, पाडा कुठाय?" माझी झोपच उडाली.

मी थेट पाड्यातल्या म्हाताऱ्या ढवळूकडे गेलो. त्याच्या शब्दाबाहेर तिथे कुणी जात नसे.

"ढवळूबाबा, येत्या रविवारी दर घरातून एकेक माणूस माझ्याकडे पाठवा. मोठी नड आहे!"

"दिसभर?" ढवळूने विचारलं.

"दिवसभर!" मी उत्साहाच्या भरात म्हणालो.

"नड हाय तं येऊ," ढवळू म्हणाला.

इतकं सोपं! वर्षभर मी उगाच उपदेश करत बसलो होतो!

रविवार उजाडला आणि वाचकहो, आला की अख्खा पाडा! डोक्यावर पानांची इरली, गुडघ्यापर्यंत चिखल, कारण भाताची लावणी, तिकडची आवणी, ऐन जोरात होती. ती सोडून माणसं आली होती! माझे डोळेच भरून आले.

"सांग मास्तर, काय कराचा?" ढवळूने विचारलं. तिकडे अरे-तुरे सगळ्यांनाच करतात, महाराज आले तरी!

"काही नाही, नुसतं बसा!"

ते एकमेकांकडे बघत राहिले. मग बसले.

साहेब मात्र आले नाहीत. नदीला पूर आला होता, उतार मिळेना. मी प्रवचन उरकलं, आमेन म्हणालो. कुणी उठेना.

"झालं बरं का. आता जायला हरकत नाही."

"दिस कुठं बुडलाय अजून?" ढवळू म्हणाला.

काय भक्ती ही! मी पुन्हा सुरू केलं. नोहाचं तारू काढलं. सुकरी नावाची म्हातारी मध्येच म्हणाली, "एवढ्या पान्यात त्याची रोपां राहिली का?" मी घाईघाईने तारू डोंगराला टेकवलं. दुपारी सगळ्यांनी माना वळवून आमच्या चुलीकडे पाहिलं. सकूने महिन्याचा तांदूळ शिजवला आणि वाढला. पुन्हा सगळे बसले, पुन्हा मी बोलू लागलो. दिवस मावळेपर्यंत शास्त्रातला एकही संदेष्टा मी शिल्लक ठेवला नाही. आवाज इतका बसला की शेवटची प्रार्थना हातवारे करून केली.

"सकू, आपण जिंकलो!" मी घोगऱ्या आवाजात म्हणालो.

"डाळही संपली," सकू म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ढवळू दारात उभा. हातात आमच्यासाठी दोन इरली!

"चल मास्तर. आज माज्याकडं."

"प्रार्थनेला?"

"आवणीला! सावड नाय का? आमी तुज्याकडं आलू, आता तू आमच्याकडं ये. बायलाबी घे."

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. मजुरीने माणूस लावायची तिथे रीत नव्हती. तुमच्या कामाला एका घरातून माणूस आला, की त्या घरच्या कामाला तुम्ही एक दिवस जायचं, यालाच ते सावड म्हणत. आणि माझ्याकडे तर झाडून सगळ्या घरांतून माणसं आलेली!

"पण बाबा, मी कुठे काम सांगितलं? तुम्ही नुसते बसला होतात!"

"तू बस बोललास, आमी बसलू. ल्हान काम नाय ते! सुकरीची कंबर धरली."

"मी तुमच्या घरी येऊन प्रार्थना केली तर चालेल?"

"प्रार्थनेनं रोप लागंल?" त्याने खरोखरच आशेने विचारलं. मी इरलं पाठीवर घेतलं.

आम्ही नगरकडची कोरडवाहू माणसं! शेतात पाणी साचलं की बांध फोडायचा, एवढंच आम्हाला ठाऊक. इथे त्या पाण्यात वाकून रोपं खोचायची होती. मी खोचलेली रोपं माझ्या मागोमाग तरंगत यायची. मग पोरीबाळी ती गोळा करून पुन्हा लावायच्या आणि खिदळायच्या. सकूचा हात लवकर बसला, पण तिचे गुडघे रात्रभर ठणकायचे. मी तेल चोळायचो. सकाळी ती माझ्याआधी इरलं घेऊन तयार असायची आणि त्यानेच मला जास्त रडू यायचं.

पुढचा रविवार तरी विश्रांतीचा, असं मी ठरवलं होतं. तर सकाळी माघी दारात.

"मास्तर, माजं रोप वाढून गेलं. आज नाय लागलं तं फुकट जाईल."

माघी विधवा, घरात दोन लेकरं. मी म्हणालो, "अगं, आज देवाचा दिवस!" सकूने पदर खोचला. "तुम्ही करा प्रार्थना. मी जाते."

मग मीही गेलो. बायको चिखलात आणि मी घंटेखाली, हे काही देवालाही रुचलं नसतं. आणि नेमके त्याच दिवशी साहेब आले!

रिकाम्या मंदिरात त्यांना माघीची कोंबडी भेटली. माग काढत ते छत्री धरून बांधावर येऊन उभे राहिले.

"वामनराव! विश्रांतीच्या दिवशी हे काय?"

मला सरळ उभंच राहता येईना. वाकल्यावाकल्याच नमस्कार केला. "साहेब, मंडळी इथेच आहे. सगळी!"

मला वाचवावं म्हणून ढवळू पुढे सरसावला. "सायेब, मास्तर लय गुनाचा! आमी त्याच्या देवाकडं दिसभर बसलू ना, तं घरोघर राबून फेडतोय बग!"

साहेबांचा चेहरा पडला. "म्हणजे मंडळी तुम्ही भाड्याने आणली?"

पुढे होऊन समजवावं म्हणून मी चिखलातून पाय काढायला गेलो आणि बसकण मारली! पाऊस थांबला की ठाणं बंद, आमची रवानगी नगरला, असा हुकूम देऊन साहेब निघून गेले. मी त्या पाण्यात बसून लहान मुलासारखा रडलो. कुणी हसलं नाही. सकूने हात दिला, वर ओढलं आणि म्हणाली, "चला, अर्धा वाफा राहिलाय."

भादवा सरला तसं आम्ही सामान बांधलं. ट्रंका, खाट, जातं, पेटी, सगळं डोंगर उतरवून जव्हारपर्यंत न्यायचं. मी ढवळूकडे गेलो.

"बाबा, ओझ्याला माणसं मिळतील का?"

"मिलतील ना! लागतील तेवढी ने." ढवळू हसला. "मग त्यांच्या कापनीला कवा येतो?"

"अहो, आम्ही कायमचे चाललोय!"

"तं पयलं कापनीला या, मग जा."

कापणीला गेलो. सकूला ताप भरला, तेव्हा तिला डोलीत घालून जव्हारच्या दवाखान्यात नेली-आणली पाड्यानेच. म्हणून मळणीलाही गेलो. पुढच्या पावसात आमचं छप्पर उडालं, ते शाकारायला सगळे आले, आणि ते तर फारच महागात पडलं.

साहेबांनी ठाणं बंद करून आता तिसरा पावसाळा चालू आहे. नगरला आम्ही पोचलेलो नाही. रविवारी सकू आणि मी दार लावून, अगदी हळू आवाजात प्रार्थना करतो. कुणी ऐकलं आणि येऊन बसलं तर काय घ्या!