अकोल्याची बोहनी

कादरचाचा रोज सकाळी स्वतःच्याच जाहिरातीवर बोट ठेवून स्वतःचेच पैसे घालवत. शटर वर जायचं, उंबऱ्यावर पाण्याचा शिडकावा व्हायचा, कापसाच्या ढिगाभोवती लोबान फिरायचा. मग चाचा चष्मा लावत, फोन दोन्ही हातांत धरत आणि एकेक अक्षर हुडकत त्यावर लिहीत, 'कापसाची गादी अमरावती'. सगळ्यात वर त्यांच्या दुकानाची जाहिरात उगवली की डाव्या हाताने टोपी सारखी करायची आणि उजव्या हाताच्या बोटाने तिला हलकेच शिवायचं.

'बिस्मिल्ला. झाली बोहनी.'

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. इंटरनेटवर कोणी काही शोधलं की वरच्या ज्या दोनचार ओळी दिसतात, त्या बहुतेक वेळा पैसे भरून तिथे आलेल्या असतात. दुकानदार शब्दावर बोली लावतो. जास्त लावेल तो सहसा वर दिसतो. आणि कोणी त्या ओळीवर बोट ठेवलं की त्याचे पैसे दुकानदाराच्या खात्यातून जाहिरात दाखवणाऱ्या कंपनीकडे जातात. हे चाचांना मी निदान वीस वेळा समजावलं. त्यांचं म्हणणं एकच होतं. दुकान म्हटलं की बोहनी, दिवसाची पहिली विक्री, आली, आणि बोहनी हात लावल्याशिवाय होत नाही.

कधीकधी कंपनीच्या यंत्राला संशय यायचा की हे बोट मालकाचंच आहे, आणि ते पैसे परत जमा व्हायचे. त्या दिवशी चाचांचा चेहरा पाहवायचा नाही. 'बोहनी कोनी वापस करते का, बेटा? बेइज्जती हाये हे आपली.'

त्यांचं दुकान बडनेरा रस्त्यावर होतं आणि आमचं घर त्याच्या मागच्या गल्लीत. माझे बाबा कापसाच्या भावासाठी पत्रकं लिहायचे. अक्षरओळख मला त्या पत्रकांवरच झाली, त्यामुळे लहानपणी मला वाटायचं की मराठी भाषेतली सगळी वाक्यं 'बंधूंनो' या शब्दापासून सुरू होतात. पुढे मीही पत्रकं लिहू लागले. चाचा मला 'पत्रकवाली' म्हणत. त्यांचं जाहिरातीचं खातं मीच उघडून दिलं होतं. इंग्रजी रकाने मी वाचायचे, निर्णय ते घ्यायचे.

मी हे काम का पत्करलं, तेही सांगते. ती वर्षं वाईट होती. उभ्या कापसात बोंडअळी शिरत होती, आणि तिने सोडलेला कापूस बाजारातला पडलेला भाव गिळत होता. चारी बाजूंनी काळी जमीन, तिच्यात पांढरं सोनं, आणि त्या जमिनीवर राबणारी माणसं झोपायला फोमची गादी आणत होती. मला याचा संताप यायचा. म्हणून पहिल्या जाहिरातीसाठी मी मजकूर लिहून नेला, 'फोमच्या साम्राज्याचा धिक्कार असो'.

चाचांनी तो दोनदा वाचला. 'चांगलं हाये,' ते म्हणाले. 'पन बेटा, हा मानूस झोपाले चालला, मोर्चाले नाही.'

ते पिंजारी. त्यांचा एक सिद्धांत होता, तो ते प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवत, 'गादी त निमित्त हाये. मानूस झोप घ्याले येते.' तरुणपणी ते वडिलांबरोबर खांद्यावर कापूस पिंजायची धुनकी टाकून भातकुलीच्या गल्ल्यांतून फिरलेले. धुनकीची तार छेडली की दारं उघडायची, बाया हाक मारायच्या. मग अंगणात बसून जुन्या गादीचा कापूस पिंजता पिंजता घरातलं सगळं ऐकू यायचं. कुणाची कंबर धरली आहे, कुणाचं लग्न ठरलं आहे, कोणाला झोप लागत नाही. पुढे दुकान झालं, पिंजायची मशीन आली, आणि गल्लीतले आवाज बंद झाले.

ते आवाज त्यांना या जाहिरातीच्या खात्यात परत सापडले. लोक काय शोधून आपल्यापर्यंत आले त्याची यादी तिथे मिळते. चाचा ती दुपारच्या चहाबरोबर पेपरासारखी वाचत. 'कंबर दुखते कोणती गादी.' 'लेकीच्या लग्नाची गादी.' 'आजीची गादी पुन्हा पिंजून मिळेल का.' प्रत्येक ओळीला ते हुंकार देत, जणू ती बाई समोर दारात उभी आहे. एकदा त्यांनी मला 'झोप येऊन नाही राह्यली' हे शब्द विकत घ्यायला लावले. ते फार स्वस्त पडले, कारण जगात दुसऱ्या कोणत्याही दुकानदाराला ते नको होते.

परिणाम असा झाला की गादी नको असलेली माणसंही फोन करू लागली. नांदगाव खंडेश्वरहून एक गृहस्थ दर आठवड्याला रात्री पडलेलं स्वप्न सांगायचे. चाचा मांडी घालून, डोळे मिटून ऐकायचे. दुकानात कापसाची म्हातारी तरंगत असायची, उन्हाची तिरीप तिच्यातून वाट काढत यायची, आणि चाचा फोनवर हळूच विचारायचे, 'मंग त्या नदीत पानी होतं का?' त्या गृहस्थांनी उशीचा अभ्राही कधी घेतला नाही. तरी चाचा त्यांना 'आपलं पक्कं गिऱ्हाईक' म्हणत.

असा हा माणूस एकाच शहराच्या नावाने गप्प व्हायचा. अकोला.

त्यांची एकुलती एक लेक नसीम अकोल्यात दिलेली. चाची लवकर गेल्या, त्यामुळे पोरगी दुकानातच वाढली, कापसाच्या ढिगावर झोपली आणि टाके घालायला शिकली. तिच्या लग्नासाठी चाचांनी भातकुलीहून स्वतः निवडून कापूस आणला, तीनदा पिंजला आणि आपल्या हाताने गादी भरली. पण जावयाचं अकोल्यात फोमच्या गाद्यांचं मोठं दुकान. विदाईच्या वेळी सासरच्या कोणीतरी अगदी नम्रपणे म्हटलं की घर गाद्यांनीच भरलं आहे, ही कुठे ठेवायची. चाचा एवढंच म्हणाले, 'ज्या घरात कापसाले जागा नाही, तिथं मले बी नाही.' नसीमने रडत गाडीत पाय ठेवला. त्याला दोन वर्षं झाली होती. दोघांनी एकमेकांना फोन केला नव्हता. ती गादी जुन्या ओढणीत बांधून माळ्यावर ठेवलेली होती, आणि तिची किंमत विचारणाऱ्या गिऱ्हाइकाला चाचा दुसरं दुकान दाखवत.

आणखी एक विक्षिप्तपणा सांगायचा राहिला. सकाळी बरोबर नऊ वाजता चाचा मशीन बंद करायचे, ती सव्वानऊला पुन्हा सुरू व्हायची. कितीही घाईचं गिऱ्हाईक असो. 'मशीनले सास घेऊ द्या,' ते म्हणायचे आणि हात मांडीवर ठेवून बसून राहायचे. उडालेला कापूस सावकाश खाली यायचा, त्यांच्या टोपीवर, भुवयांवर बसायचा. मला वाटायचं, ही त्यांची झोपेचीच काहीतरी उपासना असावी.

थंडीच्या तोंडावर मी खात्याचा हिशेब पाहिला आणि उडाले. जाहिरातीच्या पैशाचा मोठा वाटा अकोल्यात जात होता. तिथून एकही गादी विकली गेली नव्हती. त्यात चाचांनी कुणाकडून तरी शिकून स्वतःच अकोल्याची बोली वाढवून ठेवली होती. सकाळी नऊ ते सव्वानऊ, सगळ्यांच्या वर.

मी समजले. जावयाशी युद्ध चाललं होतं. त्याच्याच गावात, त्याच्याच शब्दावर, त्याच्या डोक्यावर जाऊन बसायचं. आमच्या गल्लीत सगळ्यांचा हाच समज होता आणि लोक त्याची मजाही घेत. मला मात्र ते पटलं नाही. सरळ भांडावं, पत्रक काढावं, हे असं चोरून काय. शिवाय हिवाळ्याच्या कमाईवरच त्यांचं वर्ष निघायचं. मी म्हणाले, 'चाचा, अकोला बंद करा.'

'बाकी काही बी बंद कर,' ते म्हणाले. 'अकोल्याले हात नोको लावू.'

पुढच्या आठवड्यात कापसाच्या भावाच्या सभेसाठी मी अकोल्याला गेले. गाडी लवकर पोचली, सभेला वेळ होता. शत्रूचं दुकान एकदा डोळ्यांनी पाहावं म्हणून मी तिकडे वळले.

शटर अर्धंच वर होतं. नसीम पायरीवर उभी होती. तिने मला ओळखलं, जवळ घेतलं, मग घड्याळ पाहिलं, नऊ वाजले होते, आणि म्हणाली, 'एक मिनिट थांब.' ओढणी डोक्यावर घेतली. फोनवर काहीतरी लिहिलं. वर पहिलीच ओळ कादरचाचांच्या दुकानाची होती, तिच्या नवऱ्याची त्याखाली. तिने पहिल्या ओळीला बोट लावलं आणि ते बोट कपाळाला लावलं.

'अब्बाची बोहनी,' ती म्हणाली. 'लहानपनी पहिल्या गिऱ्हाइकाचे पैसे ते माह्याच हातात द्याले लावत. आता एवढंच जमते. कोनी तरी दुकानात आलं, असं तिकडं दिसत असन ना त्याइले?'

मी म्हणाले, दिसतं.

'त्याइले सांगू नोको मी करतो म्हून. फुकटच त हाये, रोज करतो.' मग हसून म्हणाली, 'आमचे हे लय चिडतात. म्हनतात, तुहा बाप मले वर येऊच देत नाही.'

मी आयुष्यभर खरं बोलण्याची पत्रकं वाटली होती. त्या पायरीवर मला एक वाक्य बोलता आलं नाही. ती बापाला रोज बोहनी देत होती आणि तीच बोहनी रोज बापाच्या खिशातून जात होती. सभेत कोण काय बोललं ते मला आज आठवत नाही. परतीच्या गाडीत मी ठरवलं, निदान चाचांना तरी सांगायचं.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेले तेव्हा ते दुपारची यादी वाचत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसत बसले.

'मले मालूम हाये,' ते म्हणाले. 'रोज एकच टाइम, एकच शब्द, अन् गादी काही घेत नाही. असं गिऱ्हाईक घरचंच असते.'

'मग तिला कळवा की तुमचे पैसे जातात.'

'कळवलं त बंद करन ना ते.'

'आणि बोली एवढी कशाला वाढवली? जावयाशी भांडायला?'

ते माझ्याकडे पाहत राहिले, मी फार लहान असल्यासारखे. 'तो वर आला त पोरीले खाली खाली हुडका लागन. सकाळची घाई असते तिले.'

मशीन चालू होती. कापूस उडत होता. त्यांनी ती बंद केली आणि मला म्हणाले, अकोल्याची जाहिरात बदलू. मी कागद घेतला. जाहिरातीच्या मथळ्यात फार थोडी अक्षरं मावतात. मी पाच-सात वाक्यं लिहिली आणि पाची-साती खोडली. पत्रकातला एकही शब्द तिथे चालत नव्हता. शेवटी चाचाच बोलले, मी उतरवून घेतलं.

'तुही गादी तयार हाये. घेऊन जा.'

ते मी अकोल्यापुरतं लावलं. दुसऱ्या दिवशीच्या यादीत नऊ वाजताचं ते एक बोट नेहमीसारखं दिसलं. तिसऱ्या दिवशी दुपारी चाचांनी यादी उघडली. अकोल्यातून कोणीच आलं नव्हतं. त्यांनी वरपासून खालपर्यंत पुन्हा पाहिलं आणि फोन उलटा ठेवला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वाटलं, पोरगी दुखावली, आणि जे एवढंसं चालू होतं तेही आपण शब्दांनी मोडलं.

चौथ्या दिवशी सकाळी मी दुकानाशी आले तेव्हा मशीन बंद होती. अजून नऊही वाजले नव्हते. दुकानासमोर उन्हात बाज टाकलेली होती आणि तिच्यावर ती माळ्यावरची गादी. चाचा हाताने तिचा एकेक कोपरा थोपटत होते. रस्त्याने जाणाऱ्या एकाने किंमत विचारली. त्यांनी नेहमीप्रमाणे त्याला दुसरं दुकान दाखवलं.

'चाचा, काल तर तिने बोटही लावलं नाही,' मी म्हणाले.

'कायले लावन?' ते म्हणाले. 'वाचलं ना तिनं.'

मी विचारलं, तिचा फोन आला का. नव्हता आला. मी म्हणाले, अकोल्याहून बडनेऱ्याला गाड्या तर रोज उशिरा येतात.

'येऊ दे. गादीले ऊन लागून राह्यलं तवर.'

तेव्हा माझ्या लक्षात आलं की फोन आत गल्ल्यावर पडला आहे. शटर वर गेलं होतं, पाणी शिंपडलं होतं, लोबानचा वास येत होता. मी विचारलं, 'आणि आजची बोहनी?'

चाचांनी बडनेऱ्याकडून येणाऱ्या एका ऑटोकडे पाहिलं. तो पुढे निघून गेला. त्यांनी गादीवर पडलेली कापसाची म्हातारी चिमटीत उचलली आणि वाऱ्यावर सोडली.

'आज माह्या हातची नाही,' ते म्हणाले, आणि मला बाजेवरच्या त्या गादीवर बसायला निघालेली पाहून पायरीवर जागा करून दिली.