शारजातली तीन पायांची कोंबडी

बाळांनो, जरा डोळे मिटा. डोंगराच्या माथ्यावर एक जुनं गाव आहे. गल्ल्या इतक्या अरुंद की हात पसरले तर बोटं दोन्हीकडच्या भिंतींना लागतात. दगडी घरं, दारोदारी कुंड्या, कुठल्यातरी खिडकीतून ताज्या पावाचा वास. दिसलं? आता त्या गल्लीत एक मराठी माणूस घाला. गळ्यात कॅमेरा, खांद्यावर ट्रायपॉड, आणि वाट चुकलेला. तो आमचा शेजारी शैलेंद्र. गाव इटलीतलं देरुता. तिथले लोक कित्येक शतकं मातीची भांडी रंगवत आले आहेत.

आता डोळे उघडा, कारण गोष्ट घडली शारजात, माझ्या मुलाच्या बिल्डिंगमध्ये, २००९ साली. ते वर्ष वाईट होतं. दुबईतल्या क्रेन जिथल्या तिथे थांबल्या होत्या. शैलेंद्र एका बिल्डरसाठी टॉवरचे फोटो काढायचा. टॉवर थांबले, तशी फोटोंचीही गरज संपली. त्याची बायको छाया दातांची डॉक्टर. घर तिच्या नोकरीवर आणि व्हिसावर नीट चाललं होतं, पण शैलेंद्रचं बोलणंच बंद झालं. त्यांची आठ वर्षांची शुभ्रा माझ्या शुक्रवारच्या मराठी वर्गाला यायची. ती मला म्हणाली, "आबा, बाबा इज ऑन सायलेंट मोड."

आता मी पडलो मास्तर! नाशिकला जन्मभर मुकी पोरं बोलती केलेला माणूस. मी ठरवलं, याला मुलांसमोर उभा करायचा. इटलीचे फोटो काढून आणले आणि कुणाला दाखवलेसुद्धा नाहीत, हे काय बरं? मी इतका मागे लागलो की शैलेंद्र शेवटी हो म्हणाला. अट एकच. देरुताहून आणलेली ताटली मुलांच्या हातात द्यायची. पांढऱ्या ताटलीवर निळी कोंबडी, आणि कोंबडीला पाय तीन. तीन का, ते तो शुक्रवारीच सांगणार होता.

आणि गुरुवारी सकाळी ताटली सापडेना!

छायाला आठवलं. घाईत तिने त्याच ताटलीतून वरच्या मजल्यावरच्या साजिदाला नारळाच्या वड्या पाठवल्या होत्या. शैलेंद्रचा चेहरा पाहून मी म्हटलं, "एवढंच ना? हा गेलो आणि हा आलो."

आपल्यात एक रीत आहे. शेजारून आलेलं भांडं रिकामं परत करायचं नाही, आणि ज्याचं त्याने ते मागायचं तर मुळीच नाही. त्यामुळे मी आधी साजिदाकडे बसलो, तिच्या रत्नागिरीची चौकशी केली, डॉक्टरांनी गोड बंद केलेलं असताना दोन सांदणं खाल्ली, आणि मग हळूच कोंबडीचा विषय काढला.

"या अल्ला! ती ताटली छायाची?" साजिदा म्हणाली. "मला वाटलं, माझ्या समोरच्या विजयकुमारच्या घरची. त्यानेही स्टीलच्या ताटलीतून केळ्याचे वेफर्स पाठवले होते ना!"

म्हणजे दोन्ही ताटल्या तिच्या ओट्यावर शेजारी शेजारी बसलेल्या. तिने दोन्ही भरून परत केल्या. फक्त विजयकुमारची छायाला गेली आणि छायाची विजयकुमारला. आणि विजयकुमार आठवडाभर अबू धाबीला साइटवर, घराला कुलूप. तो येणार थेट शुक्रवारी.

मी उठलो, तेव्हा साजिदाने आवाज खाली आणून विचारलं, "आबा, छाया भांडी गोळा करतेय का?"

माझ्या डोक्यात शुक्रवारी मुलांना दाखवायची देरुताची भांडी. त्यात मास्तराची सवय, विचारलं त्याचं पूर्ण वाक्यात उत्तर द्यायचं. मी म्हणालो, "हो. बाकी सगळी जमली, ही एवढी एकच राहिली आहे."

तिचे डोळे भरून आले. मला वाटलं, सांदणात मिरची गेली असावी. सांदणात मिरची नसते, हे मला जिन्यात आठवलं.

त्या वर्षी आमच्या बिल्डिंगमधून एकामागून एक घरं रिकामी होत होती. कुणी सांगत नसे. आधी शेजारपाजारची भांडी परत मागवली जात, मग दारात खोकी दिसत, मग एके दिवशी दाराला कुलूप. बिचाऱ्या साजिदाने दोन अधिक दोन केले. दुपारपर्यंत बिल्डिंगभर झालं की शैलेंद्रचं कुटुंब गाशा गुंडाळतंय!

संध्याकाळी त्यांच्या दाराची बेल थांबेना. कुणी बिर्याणी आणली, कुणी शुभ्रासाठी भलामोठा टेडी. तळमजल्यावरचे एक गृहस्थ टेप घेऊन आले आणि वॉशिंग मशिनची रुंदी मोजून गेले. एका काकूंनी बॅगा तोलायचा काटा दिला आणि बजावलं की विमान सुटेपर्यंत ठेवा, संकोच करू नका.

शैलेंद्रने बायकोला बाजूला घेऊन विचारलं, "छाया, आपण निघालोय का?"

"मला काय विचारतोस? मी आत्ता क्लिनिकमधून येतेय!"

हसू येतंय ना? मलाही येत होतं, आतल्या खोलीत पाहीपर्यंत. तिथे शुभ्रा आपली शाळेची बॅग भरत होती. खडू, शिंपले, मैत्रिणीने दिलेली रबराची पाल. टेडी बॅगेत मावत नव्हता म्हणून त्याला दाबून दाबून बसवत होती. तिने जिन्यात सगळं ऐकलं होतं आणि कुणाला काही विचारलं नव्हतं.

शैलेंद्र तिच्याजवळ जमिनीवर बसला आणि म्हणाला की आपण कुठेही जात नाही.

"एव्हरीबडी नोज, बाबा," ती म्हणाली. "ओन्ली यू आर नॉट टेलिंग मी."

इतके दिवस न बोलणारा बाप आता खरं बोलला तरी पोरीने विश्वास कसा ठेवायचा? त्याने खाली पडलेला खडू उचलून तिच्या हातात दिला. मग म्हणाला, "उद्या सगळ्यांसमोर सांगतो. मग तर झालं?"

शुभ्राने बॅगेची चेन लावली.

शुक्रवारी माझ्या वर्गाला नेहमी सात मुलं येत. त्या दिवशी हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती, आणि टेबलावर केक होता, 'गुडबाय शैलेंद्र' लिहिलेला! साजिदाचा फोन मिळालेला विजयकुमार अबू धाबीहून आला, घराचं कुलूप काढून थेट हॉलमध्ये पोचला. हातात ताटली, ताटलीत वेफर्सचा डोंगर, आणि डोंगराखाली आमची कोंबडी सुखरूप.

शुभ्रा लॅपटॉपपाशी बसली. तिने बटण दाबलं की भिंतीवरच्या चादरीवर फोटो बदले. पहिल्या फोटोला शैलेंद्रचा आवाज जेमतेम पुढच्या रांगेपर्यंत पोचला. मग देरुताच्या आजीबाई आल्या. कच्च्या पांढऱ्या लेपावर ब्रश टेकला की रंग आत शिरतो, पुसता येत नाही, हे त्याने सांगितलं. आजी कोंबडीचा दुसरा पाय काढत असताना याचा ट्रायपॉड धाडकन पडला. आजी दचकल्या, ब्रश घसरला. आजींनी ट्रायपॉडकडे पाहिलं, त्या ओघळाला तीन बोटं काढली आणि हसत हसत ताटली भट्टीत घातली. मुलं खिदळली. शैलेंद्रही हसला. मग फाब्रियानो हे कागदाचं गाव आलं, तिथे हाताने केलेले कागद कपड्यांसारखे दोरीवर वाळत होते. आता त्याचा आवाज मागच्या भिंतीला लागत होता.

आणि नेमका तेव्हाच विजयकुमार गहिवरून उभा राहिला. "शैलेंद्रभाई, आपकी बहुत याद आएगी."

शैलेंद्रने एकदा शुभ्राकडे पाहिलं. "विजयकुमार, हम कहीं नहीं जा रहे. इधर ही हैं."

मग काय गोंधळ उडाला म्हणता! केकचं काय करायचं? मशिन मोजलेले गृहस्थ हिरमुसले. साजिदा माझ्याकडे बघू लागली, तिच्यामागोमाग सगळी बिल्डिंग माझ्याकडे बघू लागली. मग मीही उभा राहिलो आणि हा गैरसमज कसा झाला ते अगदी मुळापासून, मुद्देसूद समजावून सांगायला सुरुवात केली.

शुभ्रा खुर्चीवर चढली. "क्वायट, प्लीज! माय बाबा इज टॉकिंग."

सगळे गप्प झाले. मी सोडून, कारण माझा दुसरा मुद्दा अर्धा राहिला होता. तेव्हा ती खाली उतरली, माझ्यापाशी आली, माझा हात धरून मला मुलांच्या रांगेत मांडी घालून बसवलं, आणि परत जाऊन पुढच्या फोटोचं बटण दाबलं.