फॅक्टरीचं मटेरियल

"हात नको लावू त्या बादलीले! मटेरियल आहे थे!"

हटवारजी ओरडत होते आणि त्यांच्या क्वार्टरसमोर सारी लाइन जमली होती. खाटेवर ती बादली, दोन बोल्ट, गंजका पाना, वाटीभर सिमेंट आणि कोण्या रशियन साहेबानं टाकून दिलेला डाव्या हाताचा हातमोजा मांडला होता. हटवारजी एकेक वस्तू यादीत चढवत होते. ती यादी अंथरली असती तर दुर्ग स्टेशनाला टेकली असती.

हे आमचे शेजारी. मूळचे भंडाऱ्याकडचे, भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या बांधकाम-स्टोअरात बाबू. त्यांच्या जगात दोनच गोष्टी होत्या : मटेरियल, आणि मटेरियल मागायला येणारे चोर. भाजीवालीलाही विचारत, "मटेरियल ताजं आहे ना, बाई?" एक खिळा द्यायला सात सह्या घेत. एक रशियन इंजिनिअर त्या सह्या करता करताच मराठी शिकला, आणि पहिलं वाक्य बोलला ते हटवारजींना दिलेली शिवी होती. मी तिथं हजर होतो.

तर अशा माणसाला इन्कम टॅक्सची नोटीस आली. लाइनीत इंग्रजी वाचणारा मी एकटा; म्हणजे सिगारेटच्या पाकिटावरचं. मागल्या वर्षांचा हिशेब सरकार पुन्हा उघडणार, एवढं कळलं. कारण लिहिलं होतं, तुम्ही 'मटेरियल फॅक्ट्स' उघड केले नाहीत. मी निकाल देऊन टाकला :

"फॅक्ट म्हंजे फॅक्टरी. फॅक्टरीचं मटेरियल तुमी लपवलं, हटवारजी."

"मी? अबे, स्टोअरची सुतळीबी घरी नाई आणली मी!"

मग त्यांना स्टोअरातून घरी आलेली बादली आठवली. मग बोल्ट. मग त्यांचं जेवण सुटलं. दाराशी सायकल थांबली की ते मोरीत जाऊन बसत. नोकरी गेलीच, बेड्या पडल्याच, हे ते धरूनच चालले होते.

"बेड्या आपल्याच स्टोअरच्या असल्या," ते मला हळूच म्हणाले, "तं सही कोनाची घेतीन रे थे?"

तारखेला ते खाटेवरचं सारं मटेरियल पोत्यात भरून, पोतं पाठीवर टाकून रायपूरच्या इन्कम टॅक्स ऑफिसला निघाले. अर्थ मी लावलेला, म्हणून मीही सोबत. ऑफिसर नागपूरचे निघाले. टेबलावर हातमोजा पाहून त्यांनी विचारलं, "हे काय?"

"मटेरियल, साहेब. खरं नि पुरं."

साहेब एवढे हसले की बाहेरचा चपराशी पाणी घेऊन धावला. "अहो, मटेरियल फॅक्ट म्हणजे महत्त्वाची माहिती! लोखंड नव्हे!"

मी छताच्या पंख्याकडे पाहू लागलो. हटवारजींच्या जिवात जीव आला. ते भराभर बोल्ट पोत्यात भरू लागले. तेवढ्यात साहेबांनी फाइल उघडली, आणि त्यांचं हसू गेलं.

"दरवर्षी तुम्ही लिहिता, विवाहित, पत्नी जनाबाई. विवाहिताला सूट जास्त मिळते. पण प्रॉव्हिडंट फंडाच्या कागदावर वारस म्हणून भाऊ आहे. पत्नी तुम्ही इथं नोकरीला लागण्याआधीच वारल्या, असं तुम्हीच लिहून दिलंय. खरं काय?"

आम्हाला तर ते सांगत, मंडळी माहेरी आहे.

"फंडाचं खरं आहे, साहेब," हटवारजी म्हणाले.

साहेबांनी बराच वेळ पेन टोपणात घातलं, काढलं. मग फरक भरायला सांगितला, दंड लावला नाही. नोकरीला धक्का नव्हता. पुढच्या फॉर्मात मात्र खरं लिहा, म्हणाले.

परतीच्या पॅसेंजरात मला राहवेना. "दोन दमड्यांच्या सुटीसाठी कावून हो एवढं, हटवारजी?"

ते खिडकीबाहेर पाहत होते.

"बाकी साऱ्या कागदांवरून तिचं नाव मीच कापलं होतं," ते म्हणाले.