सत्तर व्होल्ट गेले कुठं?

पातेल्याच्या तळाशी सात बुडबुडे होते. पाच मिनिटांपूर्वीही सातच होते.

विशाखाने ते दोनदा मोजले. कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये सहा वर्षं काढलेल्या बाईला मोजल्याशिवाय चैन पडत नाही. सम्यकला होकार द्यायचा की नकार, हेही ती तीन महिने मोजत होती! मुलगा वाळूजला नोकरीला, स्वभावाने शांत. पण दोन भेटींत मिळून नऊ शब्द बोललेला. एवढ्या नोंदींवर निष्कर्ष काढायचा कसा?

आज तिसरी भेट. पुंडलिकनगरातल्या विशाखाच्या घरात पाऊल टाकताच सम्यकचे सांडूकाका म्हणाले होते, "पोरी, आता लई झालं. चहा होईस्तोवर विचार कर. उत्तर घेऊनच उठणार!"

नेमका गॅस संपलेला. विशाखाच्या आईने, मनकर्णाबाईंनी, माळ्यावरची विजेची शेगडी काढली. आणि चहा काही उकळेना! खरं तर विशाखाला हायसं वाटायला हवं होतं. पण तिने व्होल्ट-अँपिअर मोजायचा मीटर आणला.

शेगडीवर लिहिलं होतं, २३० व्होल्ट, १००० वॅट. म्हणजे रोध साधारण त्रेपन्न ओहम. प्रत्यक्षात शेगडीपाशी १६० व्होल्ट आणि तीन अँपिअर. भागाकार केला, त्रेपन्न! शेगडी बिचारी निर्दोष. गुणाकार केला, तर जेमतेम चारशे ऐंशी वॅट.

स्वयंपाकघरातलं सॉकेट जळालेलं, म्हणून वायर बैठकीतून ओढली होती. विशाखा मीटर घेऊन पाहुण्यांच्या मधून गेली. तिथल्या सॉकेटला दोनशे तीस!

"पोरगी लाईनमनचा कोर्स करती का काय?" सांडूकाकांनी विचारलं.

"आई, वाटेत सत्तर व्होल्ट गेले कुठं?"

"मी नाय घेतले बाई!"

"वायर कुठली लावलीस?"

"जयंतीच्या लायटिंगची. तिच्यावर सगळी गल्ली उजळती!"

केसासारखी बारीक वायर, आठ ठिकाणी जोडलेली. सत्तर गुणिले तीन. दोनशे दहा वॅट कुठंतरी नुसतेच तापत होते!

"उरलेली वायर कुठंय?"

मनकर्णाबाई कानाशी आल्या. "पाहुण्यांसमोर बरं दिसत नाय, म्हणून वेटोळं करून दिवाणाच्या गादीखाली सारली."

दिवाणावर सम्यक बसला होता. घामाने निथळत.

"लाजतंय पोरगं," काका कौतुकाने म्हणाले.

विशाखाने आधी बटण बंद केलं. "तुम्हाला गरम लागतंय का?"

"हो." त्याने घड्याळ पाहिलं. "बारा मिनिटं झाली. आधी कोमट होतं. उजवीकडं सरकलो, तर गार. म्हणजे एकाच जागेतून येतंय. खात्री करायला परत डावीकडं बसलो."

विशाखा बघतच राहिली. नऊ शब्दांचा माणूस!

"मग बोलला का नाहीत?"

"कारण कळल्याशिवाय काय बोलणार?"

तीन महिने आईला ती हेच तर सांगत आली होती.

"दोनशे दहा वॅट," ती हळूच म्हणाली.

"मला जास्त वाटले."

"गादीत कोंडले असतील."

"हां," तो खूश होऊन म्हणाला, आणि तिथंच बसून विचार करू लागला.

"अहो, चहाचं काय झालं?" काका ओरडले.

"चहा काही आज होत नाही, काका. माझा होकार आहे," विशाखा म्हणाली. मग सम्यककडे वळली. "आणि तुम्ही आधी उठा हो तिथून!"