आधी गुण, मग पाणी

एका जंगलात एका आईला झोप लागत नव्हती. कारण तिचं पिल्लू दचकत नव्हतं.

हसू नका, बाळांनो. ती आई पिसोरी होती. पिसोरी म्हणजे सशाएवढं हरीण. त्याला ना शिंगं, ना नखं. दचकायचं आणि पळत सुटायचं, एवढीच त्याची इस्टेट. ही आई, मंजिरी, शिकलेली होती. पिल्लांच्या वाढीचं पुस्तक तिने दोनदा वाचलं होतं. तिसऱ्या महिन्यात पिल्लू पान हललं तरी दचकतं, असं त्यात होतं. तिच्या ठिपक्याला पाचवा सरला होता. पान हललं, की तो जाऊन त्याचा वास घ्यायचा.

‘आमचा ढबू तर काल स्वतःच्या शिंकेला दचकला!’ शेजारच्या सशीणवहिनी म्हणाल्या. ‘तू पोटुशी असताना फार निवांत बसायचीस ना गं, त्यानेच असेल.’

मंजिरीला हे अजिबात पटलं नाही. पण पुढचे दोन दिवस तिला दुसरं काही सुचलंही नाही.

शेवटी ती ठिपक्याला घेऊन पाझरमाळावर गेली. पाझरमाळ म्हणजे डोंगरावरची एवढीशी वस्ती. तिथे औषधी पाण्याचे झरे होते. एक भुकेचा, एक गुडघ्यांचा, एक न दचकणाऱ्यांचा. सगळ्या झऱ्यांवरून जाणारी एकच पायवाट होती, कडेने रंगवलेले दगड लावलेली.

पायथ्याशी माकडभाऊ कोळसा घेऊन बसले होते. मागे मोठा कातळ. त्यावर वरपासून खालपर्यंत एकच मजकूर : गुण आला. गुण आला. गुण आला.

‘बोला ताई, गुण आला ना?’

‘अहो, आम्ही आत्ता तर येतोय!’

‘तेच म्हणतो मी. वाट एकेरी आहे. वर गेलेले पलीकडून उतरतात. मग सांगायला इकडे परत कोण येणार? म्हणून आम्ही आधीच लिहून घेतो.’

यात कुठेतरी काहीतरी चुकतंय, असं मंजिरीला वाटलं. पण मागे रांग होती.

‘आटपा की बाई,’ रांगेतलं रानडुक्कर गुरगुरलं.

मंजिरीने लिहिलं, ‘गुण आला.’

वाटेत पहिलाच झरा गुडघ्यांचा लागला. आणि तिथे, पुढचे दोन्ही पाय पाण्यात सोडून, बिबट्या बसला होता.

मंजिरी जागीच थिजली. ठिपक्या मात्र टुणटुण उड्या मारत पुढे गेला.

‘आजोबा, काय होतंय तुम्हाला?’

‘गुडघा रे, बाळा,’ बिबट्या मधाळ आवाजात म्हणाला. ‘असा जवळ ये. दाखवतो.’

ठिपक्या जवळ गेला. आणखी जवळ गेला. मान वाकडी करून गुडघा बघू लागला.

‘ठिपक्या!’ मंजिरी किंचाळली.

बिबट्याने झेप घेतली. म्हणजे, घ्यायला गेला. गुडघा कटकन वाजला आणि तो पाण्यातच फतकल मारून बसला.

मंजिरीने ठिपक्याचा कान दातांत धरला आणि धूम ठोकली. मागून बिबट्याचं कण्हणं ऐकू येत होतं, ‘एकवीस दिवस पितोय मेलं हे पाणी! आता तक्रार तरी कुठल्या तोंडाने करू? पहिल्याच दिवशी लिहून देऊन बसलोय!’

पलीकडच्या उतारावर मंजिरीची धाप जरा कमी झाली, तेवढ्यात तिला नवी काळजी लागली. हा म्हातारा कंटाळून दरीतल्या अस्वलवैद्यांकडे गेला तर? त्यांचा हात लागला, की हाड जागेवर बसतं.

दुसऱ्या दिवशी ठिपक्याला सशीणवहिनींकडे ठेवून ती पुन्हा पायथ्याशी आली. माकडभाऊ रोज सकाळी झऱ्यांवर जाऊन नवे अभिप्राय झाडावरून मोठ्याने म्हणून दाखवत. तिने त्यांच्या हातातून कोळसा घेतला आणि ठसठशीत अक्षरांत लिहिलं :

‘गुडघ्यांना एकदम गुण आला. खरा फरक चाळिसाव्या दिवसानंतर पडतो. माझ्या सासूबाई आता कड्यावरून उड्या मारतात. कुणीही धीर सोडून दुसरीकडे जाऊ नये.’

तात्पर्य : मुलांनो, खोटं कधीही बोलू नये. बिबट्याच्या गुडघ्याचा प्रश्न असेल, तर मात्र सविस्तर बोलावं.

घरी आल्यावर मंजिरीने हे तात्पर्य ठिपक्याला दोनदा समजावून सांगितलं. त्यानेही शहाण्यासारखं ऐकून घेतलं. मग तो म्हणाला,

‘पण आई, आजोबा केवढे कण्हत होते! मी त्यांना अस्वलवैद्यांचं घर दाखवून येऊ?’