हर्सूलला समुद्राची हवा

रत्नागिरीची समुद्राकाठची चहाबाग, म्हणजे झाडाखालचं चहाचं हॉटेल, पाहून आल्यापासून आशा कुणाचं ऐकेना. दमट वारा अंगाला लागला की माणसं चहावर चहा मागवतात, हे तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. हर्सूलला समुद्र नाही, एवढीच काय ती अडचण! ती तिनं दोन कूलर लावून मिटवली. लिंबाखाली बाजा टाकल्या, मधोमध बाळाची झोळी बांधली अन् 'चहाबाग' अशी पाटी ठोकली.

"सूनबाई, उन्हाळाभर बघू," सासरे काकासाहेब म्हणाले. "नाय चाललं तर जागा पुंजारामच्या टायरच्या दुकानाला!"

"चालणारच! बघाच तुम्ही, मामा!"

अन् भर मे महिन्यात, रणरणत्या दुपारी, गिऱ्हाईक लोटलं! पहिला चहा झाला, ओलसर वारा सुटला आणि रोज रात्रभर आईला जागवणारं बाळ झोळीत चक्क झोपलं! इवल्या मुठी सैल सुटलेल्या, ओठांवर दुधाचा थेंब. आशा बघतच राहिली.

तेवढ्यात बाजेवर बसलेलं एक गिऱ्हाईक, सांडूभाऊ, गरजले, "वैनी, अजून एक हाफ..."

"शूऽऽ! बाळ झोपलंय!"

सांडूभाऊ गप्प झाले. आता तुम्हीच सांगा, बाजेवर, गार वाऱ्यात, गप्प बसायचं म्हणजे माणूस किती वेळ बसणार? बघता बघता अख्खी चहाबाग लग्नाच्या वऱ्हाडासारखी घोरू लागली!

नेमके तेव्हाच काकासाहेब पुंजारामला घेऊन हजर!

"अगं, हे हॉटेल हाय का दवाखाना?"

"शूऽऽ!"

ज्यांच्यापुढं भावकीत कुणी खोकत नसे, त्या काकासाहेबांना शूऽऽ!

"मला गप्प करती?"

"व्हय! बाळ उठलं तर तुमच्याच मांडीवर देईन. अन् जागा मी सोडणार नाय!"

काकासाहेब मुकाट बाजेवर टेकले. शेजारी पुंजाराम टेकला. पुढचं काम वाऱ्यानं केलं.

दिवेलागणीला पुंजाराम डोळे चोळत उठला. "काकासाहेब, मला नको ही जागा."

"का रं?" काकासाहेबांनी डोळे न उघडताच विचारलं.

"माझी पोरं पंक्चर काढता काढता झोपतील! इथं कुठलाच धंदा चालायचा नाय, लिहून देतो!"

"जिंकले!" आशानं पदर खोचून ऐटीत चौफेर नजर टाकली. बाजा गच्च भरलेल्या. किटलीही गच्च भरलेली! पुंजारामचं बोलणं तेव्हा कुठं तिच्या डोक्यात शिरलं.

पण हरेल ती आशा कसली! "ठीक हाय!" ती कडाडली. "उद्यापासून चहा फुकट! पैसे बाजेचे!"

काकासाहेबांनी कूस बदलली.

"अन् उशीचे?"