अर्लीन पुढे, अकॉर्डियन मागे

"दोन तासांचं काम आहे," विल्फ्रेड ट्राहाँने शेजारच्या डॅल्टनला कुंपणावरूनच ऐकवलं. "जन्मभर उसाच्या ट्रॅक्टरांची इंजिनं खोलली मी. हा कॉम्प्युटर त्यांच्यापेक्षा काय वेगळा असणार? तेलसुद्धा गळत नाही त्यातून."

डॅल्टनने आपल्या अंगणातल्या वाढलेल्या गवताकडे पाहिलं. विल्फ्रेडने गेल्या वर्षी त्याचं गवत कापायचं यंत्र दुरुस्त केलं होतं, तेव्हापासून ते फक्त मागे चालायचं.

काम असं होतं. विल्फ्रेडची बायको अर्लीन हिवाळ्याअखेरचा मार्डी ग्राचा सण आटोपल्याबरोबर ह्यूस्टनला गेली होती. मुलीला, मोनिकला, जुळं झालं होतं. ईस्टरला परत येते म्हणाली. ईस्टर गेला. खेकडे स्वस्त झाले, महाग झाले, आता ऊस डोक्याच्या वर गेला होता, आणि अर्लीन रोज फोनवर तिकडच्या बाळांचे ढेकर मोजून सांगत होती. विल्फ्रेड म्हणायचा, "इकडे सगळं मजेत." मग फोन ठेवून कोंबड्यांना दाणे टाकायचा, एकट्याने खेकड्यांचा गंबो रस्सा करायचा, आणि सवयीने एवढा करायचा की डॅल्टनचं अख्खं घर आठवडाभर तोच खायचं.

अशात मोनिकने एक छोटी फिल्म पाठवली. अर्लीन खुर्चीत बसून बाळाला थोपटत त्यांचा जुना वॉल्ट्झ, म्हणजे नाचाचं संथ गाणं, म्हणत होती. गावच्या हॉलमध्ये तरुणपणापासून दोघं तो वॉल्ट्झ करायचे. ती गायची, तो अकॉर्डियन वाजवायचा. फिल्ममध्ये अर्लीनने पहिलं कडवं म्हटलं आणि ती थांबली. नुसती थोपटत राहिली. मग दुसरं कडवं धरलं. मोनिकला वाटलं, आई शब्द विसरली. विल्फ्रेड मात्र स्वयंपाकघरात हातात डाव घेऊन उभाच राहिला. ती अकॉर्डियनची जागा होती. अर्लीनने ती बरोबर तेवढीच सोडली होती.

त्या जागेत अकॉर्डियन भरायचं, सगळं गाणं मागून साथ देऊन पुरं करायचं आणि काही न सांगता तिला पाठवायचं, असं त्याने ठरवलं. ऐकल्यावर बाई घरी येईलच. 'ये' म्हणायची वेळच येणार नाही.

मायक्रोफोन आला, त्याची तार जोडायचा डबा आला, बिनतारी हेडफोन घरात होतेच. विल्फ्रेडने ते कानाला लावले, अर्लीनचं गाणं सुरू केलं आणि डोळे मिटून वाजवलं. असं वाजवलं की स्वतःलाच गहिवरून आलं. मग डॅल्टनला बोलावून दोन्ही एकत्र ऐकवलं.

"बरं आहे," डॅल्टन म्हणाला. "पण ती एका खोलीत आहे आणि तू तिला शोधत घरभर फिरतोयस असं वाटतं."

खरंच होतं. अर्लीन पुढे, अकॉर्डियन मागे. विल्फ्रेडने दुसऱ्यांदा मुद्दाम घाई करून वाजवलं.

"आता तू तिला टाकून पळालास," डॅल्टन म्हणाला.

डॅल्टनने एकेकाळी चर्चच्या गाण्यांची कॅसेट काढली होती, त्यामुळे या शास्त्रातही तो जाणकार होता. त्याच्या मते कॉम्प्युटरवर कामाचा बोजा जास्त होता. "बाकी सगळं बंद कर. इंटरनेट बंद, फोन बंद. आणि आवाज घुमू नये म्हणून कपड्यांच्या खोलीवजा कपाटात बसून वाजव." एक आकडाही कमी करायला त्याने सांगितला. तो म्हणे कॉम्प्युटर किती आवाज साठवून मग पुढे ढकलतो त्याचा होता. विल्फ्रेडने तो अगदी तळाला नेला, तेव्हा अर्लीनच्या गाण्यात मासे तळल्यासारखी तडतड सुरू झाली. थोडा वर आणला तेव्हा तडतड गेली. उशीर मात्र होता तिथेच.

नेमका तेव्हाच अर्लीनचा फोन आला.

"आवाज का असा तुझा?" तिने विचारलं. मागे एक बाळ टिपेला पोचलं होतं.

"काही नाही गं." गुपित तर सांगायचं नव्हतं, पण डोकं त्यातच अडकलेलं. "मी बोट दाबतो ना, तर कानाला मागाहून कळतं."

"म्हणजे?"

"हात आणि कान यांचं जमतच नाहीये. सकाळपासून."

"विल्फ, तू बसलायस का? तोंड वाकडं झालंय का बघ."

"तोंडाचं काय त्यात? डॅल्टन म्हणतो, भार जास्त झालाय. आता सगळं बंद करून बघतो." आणि त्याने बोलणं तोडून, फोनची थरथर रेकॉर्डिंगमध्ये यायला नको म्हणून तो फ्रिजमध्ये ठेवून दिला.

मग तो कॉम्प्युटर, डबा सगळं घेऊन कपाटात शिरला. आत अर्लीनचे सगळे झगे टांगलेले होते. चर्चचा निळा, हॉलमधला लाल, मासे साफ करतानाचा विटका. त्यांच्यात स्टूल टाकून तो बसला, तेव्हा नाकाशी तिच्या पावडरचा वास आला. त्याने विटक्या झग्याची बाही गालाशी धरली. मग हेडफोन कानाला लावले, तर त्यांची बॅटरी गेलेली. नाइलाजाने जुने, तारेचे हेडफोन डब्यात खुपसले आणि वाजवायला घेतलं.

आणि अकॉर्डियन अर्लीनच्या सुराला जाऊन चिकटलं. सकाळपासून उशीर करणारे ते बिनतारी हेडफोनच होते. अर्लीनचा आवाज त्यातून येईपर्यंत वाटेत रेंगाळत होता. विल्फ्रेडने ते ओळखलं, पण थांबायला कोण तयार होतं? तो वाजवतच राहिला. गाणं संपलं की पुन्हा पहिल्यापासून. दर वेळी ती थांबायची, तो वाजवायचा, ती पुन्हा धरायची.

तिकडे अर्लीनने एवढे फोन केले की मोनिकने तिला जबरदस्तीने पाणी पाजलं. शेवटी तिने डॅल्टनला गाठलं. "विल्फला अर्धांगाचा झटका आलाय. दार फोड." आणि गाडीची किल्ली घेऊन ती निघाली.

डॅल्टन गावच्या आगीच्या पथकात होता. इतक्या वर्षांत त्याला एकदाही दार फोडायला मिळालं नव्हतं. पलीकडून अकॉर्डियन ऐकू येतंय, मागचं दार उघडं आहे, या गोष्टी त्याला नंतर सुचल्या. कुऱ्हाडीने पुढचं दार पार आडवं करून तो आत आला आणि त्याने कपाट उघडलं. लाल झगा खांद्यावर पडलेला, डोळे मिटलेले, गालावर पाणी, असा विल्फ्रेड वाजवत होता.

"झटका कुठे आलाय?" डॅल्टनने विचारलं.

"कुणाला?" विल्फ्रेड म्हणाला.

संध्याकाळी अर्लीन पोचली. आधी तिने दार पाहिलं, मग कपाट, मग नवरा. त्याला दोन्ही हात वर करायला लावले, हसायला लावलं. तोंड सरळ आहे याची खात्री पटल्यावर तिने सुरुवात केली. दार, झगे, फ्रिजमधला फोन, परसातली मेलेली भेंडी, काही सुटलं नाही. विल्फ्रेड पलंगाच्या कडेला बसून ऐकत होता आणि तिच्याकडे बघून पुन्हा पुन्हा हसत होता, ते सांगितलेलं नसतानाही.

"हे सगळं कशासाठी?" तिने शेवटी विचारलं.

"तू ते ऐकून घरी येशील म्हणून."

ती पलंगावर बसली. "तू रोज म्हणायचास, मजेत आहे. मला वाटलं, खरंच मजेत आहेस."

"मग काय रडू?"

"आणि तू का नाही आलास?"

"तू बोलावलं नाहीस."

"स्वतःच्या बायकोकडे यायला बोलावणं लागतं? कोंबड्या डॅल्टनने नसत्या बघितल्या?"

विल्फ्रेड पलंगावर जरा सरकून बसला. त्याने अकॉर्डियन ओढलं. ती गायली. समोरासमोर बसून दोघांनी सगळा वॉल्ट्झ केला, आणि तो हॉलमध्येही कधी इतका चांगला झाला नव्हता. संपल्यावर त्याला आठवलं, रेकॉर्डिंग तर दुपारपासून चालूच आहे. तो कपाटाकडे धावला. पण दुपारपासून चालू राहिल्यामुळेच कॉम्प्युटरची जागा भरून गेली होती. शेवटची नोंद अर्लीनच्या भेंडीपाशी संपत होती. वॉल्ट्झचा एक सूरही आला नव्हता. आली होती ती कुऱ्हाड आणि बायकोची बोलणी.

फुटक्या दारातून डोकावायला आलेल्या डॅल्टनने कान लावून ऐकलं. "आवाज मात्र अगदी वेळेवर आहे," तो म्हणाला.

सकाळी डॅल्टनने दाराला फळी ठोकली, कोंबड्या ताब्यात घेतल्या, आणि विल्फ्रेड अकॉर्डियन मांडीवर घेऊन बायकोच्या गाडीत बसला. ह्यूस्टनला पोचल्यावर त्याने नातवंडांना वॉल्ट्झचा पहिला सूर ऐकवला. दोघंही असे किंचाळले की वरच्या मजल्यावरून कुणीतरी जमीन ठोकली.

"डॅडी," मोनिक शक्य तितक्या गोडीने म्हणाली, "तुम्ही खाली गाडीत बसून वाजवाल का?"

विल्फ्रेड खाली गाडीत जाऊन बसला. काचा वर केल्या. वाजवावंसं वाटेना. बऱ्याच वेळाने पलीकडचं दार उघडलं आणि अर्लीन शेजारी येऊन बसली. खांद्यावर बाळाच्या दुधाचा डाग होता.

"झोपली दोघं एकदाची," ती म्हणाली. "हं, वाजव आता. हळू."

विल्फ्रेडने पट्टा खांद्यावर घेतला, अकॉर्डियनचा भाता उघडला, ती कडवं धरेल म्हणून वाट पाहिली. तिने धरलं नाही. त्याने वळून पाहिलं, तर अर्लीन तोंड उघडं टाकून गाढ झोपली होती.

भाता उघडाच राहिला होता. मिटला असता तर आवाज झाला असता. म्हणून विल्फ्रेड तसाच, दोन्ही हात पसरून, ती उठेपर्यंत बसून राहिला.